पांचाळांची ऐरण कोणी हलवली

चैत्र अमावास्या. आमच्या मूळ गावच्या कालिकादेवीच्या देवळात ग्रॅनाइटची फरशी बसवण्याचा ठराव. जबाबदार : देवस्थान समितीचे अध्यक्ष, राहणार नांदेड, व्यवसाय सराफी.

वैशाख अमावास्या. देवीसमोर पिढ्यान्‌पिढ्या असलेली लोखंडी ऐरण उखडून देवळाबाहेर काढली. दिलेले कारण : फरशीवर गंजाचे डाग पडतात. जबाबदार : अध्यक्ष, आणि हजर राहून गप्प बसलेले समितीचे सर्व सभासद.

आषाढ अमावास्या. देवळाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी. मजकूर : 'पांचाळ हे पांचाल देशाच्या राजघराण्याचे वंशज होत.' जबाबदार : अध्यक्ष. आधार : पाटीवर दिलेला नाही.

श्रावण अमावास्या, पोळा. जुन्या ऐरणीच्या जागी पितळी मुलाम्याची हातभर नवी ऐरण. अध्यक्षांनी तिच्यावर चांदीच्या हातोडीने ठोका मारला. ऐरण रिकामी होती. छायाचित्र काढण्यात आले. जबाबदार : अध्यक्ष, एकटे.

अध्यक्षांचे नाव मी लिहीत नाही. माझी सारी नोकरी लातूरच्या न्यायालयात गेली, आधी कारकून म्हणून आणि शेवटी अधीक्षक म्हणून. अब्रुनुकसानीचा दावा कसा उभा राहतो आणि कसा कोसळतो, हे मी जवळून पाहिले आहे. गावाचेही नाव लिहीत नाही, कारण तिथे माझ्या वहिनींना राहायचे आहे. नायगाव तालुक्यातले एक गाव, एवढे पुरे. माझे आडनाव मात्र लिहितो : पांचाळ. या प्रवासाचे कारण तेच आहे.

लातूर

पोळ्याचे छायाचित्र समाजाच्या गटावरून माझ्या मोबाइलवर आले. खाली अभिनंदनाच्या फुलांचा ढीग पडला होता. मी ते पत्नीला, विमलला दाखवले. तिने चष्मा चढवून पाहिले आणि म्हणाली, "ऐरणीवर काहीच न्हाई की हो. मोकळीच ठोकली का काय ह्यांनी?"

विमल सुताराघरची लेक. तिला जे एका नजरेत दिसले, ते फुले पाठवणाऱ्या शेकडो पांचाळांपैकी एकालाही दिसले नव्हते.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. पांचाळ ही पाच कारागिरांची मोट आहे : लोहार, सुतार, तांबट, पाथरवट आणि सोनार. विश्वकर्म्याला पाच मुले झाली. एकाने लोखंड घेतले, एकाने लाकूड, एकाने तांबे, एकाने दगड आणि धाकट्याने सोने, असे आमचे म्हातारे सांगत. आडनाव या 'पाचां'वरून आले की पांचाल नावाच्या देशावरून, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मी दोन्ही बाजू वाचल्या. निकाल देण्याजोगा पुरावा एकाही बाजूकडे नाही. अशा वेळी न्यायालय वहिवाट पाहते, आणि वहिवाट आमच्या घरातच होती.

मला शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी आडनाव विचारले. तोवर आम्हाला गावात लोहार एवढेच म्हणत. वडील म्हणाले, "पांचाळ लिवा." बाहेर आल्यावर मी विचारले, आपण तर लोहार ना? वडील म्हणाले, "हाव. पर पाचातला कोणता, असं कोणी इचारलं तर सांगायचं न्हाई. पाचही आपलेच हायेत." म्हणजे ज्याच्या हाताला काजळी आहे आणि ज्याच्या हाताला सोन्याचा कीस, त्या दोघांना हजेरीपटात एकाच नावाने उभे राहता यावे, यासाठी आमच्या वडिलांच्या पिढीने हे आडनाव घेतले. राजवाड्यात जाण्यासाठी घेतले नाही.

आता ऐरणीचे. अमावास्येला पांचाळाने काम करायचे नाही, ही आमची जुनी रीत. भाता थंड, सुताराची तासायची वाकस खुंटीला, छिन्नी फडक्यात. आमच्या गावात त्या दिवशी संध्याकाळी पाचही धंद्यांची माणसे आपापले एक हत्यार घेऊन देवीसमोर येत. ज्याचे त्याने ते ऐरणीवर धरायचे आणि लोहाराने त्यावर घणाचा एक ठोका द्यायचा. महिनाभर थकलेले हत्यार त्याने जागे होते, अशी समजूत. मान लोहाराचा, कारण इतर चौघांची हत्यारे त्याच्याच भट्टीतून निघतात. आणि नियम एकच : रिकाम्या ऐरणीवर घाव पडता कामा नये. पडला तर तो घाव कोणाच्या तरी घरी जातो, असे मानतात.

हा मान आमच्या भावकीत माझे थोरले चुलतभाऊ गंगाधरभाऊ यांच्या घरी होता. ते गेले. त्यांच्या पत्नी सुगंधावहिनी एकट्या भट्टी चालवतात. भात्याच्या जागी विजेचा पंखा बसवला आहे, घण मात्र त्यांच्याच हातात आहे. छायाचित्र आल्यावर विमलने त्यांना फोन केला, आणि खरी बातमी तेव्हा कळली. ऐरण गेल्यापासून गावात कोणीतरी पसरवले होते की त्यांनी देवीसमोर रिकाम्या ऐरणीवर घाव घातला, त्यांचा हात अपशकुनी आहे. विळे-खुरपी शेवटायला, म्हणजे तापवून नवी धार काढून घ्यायला, येणारी माणसे आता नायगावचा रस्ता धरत होती.

मी अध्यक्षांना दोन पत्रे पाठवली, दोन्ही पोचपावतीसह. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. तिसरे लिहायला बसलो तेव्हा विमलने पॅड काढून घेतले. "पितरांचा पंधरवडा चालू हाय. सोनाराच्या दुकानात चिटपाखरू नसंल. तोंडावर जाऊन इचारा. मी पण येते, नाहीतर तुम्ही तिथंच भाषण करत बसताल."

नांदेड

अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडकडे निघाली. लातूर सोडताना शिकवणी वर्गांचे मोठमोठे फलक दिसतात, त्यांवर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे चेहरे. बस सिग्नलला थांबली तेवढ्यात मी त्यांत पांचाळ शोधले. भरपूर निघाले. त्यांच्यात लोहाराचा नातू कोणता आणि सोनाराचा कोणता, हे चेहऱ्यावरून सांगता येत नव्हते. वडिलांची योजना सफल झाली म्हणायची. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळे पडू लागले होते आणि विमलने आणलेले धपाटे लोहा येण्यापूर्वीच संपले.

दुकान बाजारपेठेत, काचेचे. विमलचा अंदाज बरोबर होता. पितृपक्षात सोने कोण घेणार. अध्यक्ष गादीवर मोबाइल बघत होते. पन्नाशीचे, गोरेपान, अत्यंत गोड बोलणारे. उठून पाया पडले. ज्या माणसावर राग धरून मी इतक्या लांब आलो, तो माझ्या पाया पडला, हा या प्रवासातला पहिला अपघात.

"काका, फोन करायचा की. गाडी पाठवली असती."

"पत्रे पाठवली होती. मिळाली?"

"मिळाली, मिळाली. तुमचं अक्षर लई सुंदर हाय काका. मी घरात सगळ्यांना दाखवलं."

मी म्हणालो, अक्षर सोडा, मजकुरावर या. ऐरण का हलवली?

"डाग पडत होते. एवढी भारी फरशी..."

"डाग पुसता येतात. दुसरे कारण?"

त्यांनी आवाज खाली आणला. "काका, तुम्ही शिकलेले. आता समाज पुढं चाललाय. बाहेरचे पाहुणे येतात, पुढारी येतात. अन् देवीपुढं आपली एक विधवा बाई पदर खोचून घण मारायली. बरं दिसतं का? गंगाधरभाऊ होते तोवर ते मारत होते. ह्यांनी त्यांच्या माघारी सुरू केलं. असं पहिल्यापासून नव्हतंच."

"ही तुमची माहिती की ऐकीव?"

"कोणालाही इचारा. माहूरच्या नागनाथअप्पाला इचारा. पाथरवट माणूस, देवळाची जुनी फरशी त्यानंच बसवली. प्रत्येक अमावास्येला यायचा."

विमल इतका वेळ चहा पीत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "अन् लोहार राजघराण्यात बसतो का हो तुमच्या पाटीत? का तो दारावर?"

अध्यक्ष हसले. "काकू, राजाला पण लोहार लागतोच की."

"लागतो ना. मग हाकलला कशाला?"

यावर त्यांनी आणखी चहा मागवला. ऐरण कुठे आहे, या प्रश्नाला 'सुरक्षित आहे' यापलीकडे उत्तर मिळाले नाही. मी उठलो. विरुद्ध पक्षाने स्वतःच्या तोंडाने साक्षीदाराचे नाव सांगावे, असे भाग्य न्यायालयात वर्षानुवर्षे लाभत नाही. त्याच दुपारी आम्ही माहूरची बस धरली.

माहूर

नांदेडच्या उत्तरेला जमीन हळूहळू अंग वर काढू लागते. काळे, सपाट शेत मागे पडते. सागाची झाडे, वळणे, दरीतून वर येणारा ओला गारवा. आमच्या लातूरकडे डोंगर पाहायचा तर मुद्दाम जावे लागते. इथे डोंगरच रस्त्यावर येऊन उभा राहतो. सकाळी रेणुकेच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे बोलू लागले आणि विमल पुढे निघून गेली. वर प्रसाद म्हणून कुटलेला विडा देतात. पान, सुपारी, कात सगळे एकत्र कुटून केलेला लालसर गोळा. दात नसलेल्या माणसालाही देवीचा विडा खाता यावा, एवढा विचार त्यात आहे. आमच्या देवस्थान समितीने तो विचार इथून शिकण्याजोगा आहे.

तो विडा कुटण्याचे दगडी खल विकत नागनाथअप्पा पायथ्याशी बसतात. नातवाने घातलेली पत्र्याची टपरी, पुढे खलबत्ते आणि पाटे-वरवंटे मांडलेले. वय झाले आहे, कान जड झाले आहेत, पण गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की तेवढे स्पष्ट ऐकू येते. मी ओळख दिली. गंगाधरचा भाऊ म्हटल्यावर त्यांनी मला जवळ ओढून बसवले.

मी रीतसर विचारले, "अप्पा, गंगाधरभाऊ असताना ऐरणीवर घण कोण मारत होते?"

"आँ?"

"घण. कोण मारायचे?"

"सुगंधा. आणखीन कोण? लोहाराच्या घरात घण बाईच मारती. दादला सांडशीनं धरतो, बारक्या हातोडीनं जागा दाखवतो, बाई घण घालती. तुझी आई मारत न्हवती का?"

मारत होती. मी ते रोज पाहत वाढलो होतो आणि तरीही दुकानात अध्यक्षांच्या गोड बोलण्यापुढे मला ते सुचले नव्हते.

"म्हणजे देवीसमोरही पहिल्यापासून वहिनीच?"

"पहिल्यापासून. गंगाधर नुसता उभा राहायचा, पागोटं बांधून. माझी छिन्नी मी धरायचो अन् ती घण टाकायची. असा वर न्यायची," अप्पांनी दोन्ही हात डोक्यामागे नेले, "पार वरून यायचा. आता बोटं गेली असं वाटायचं. अन् छिन्नीला नुसता शिवायचा. टिंग. त्यातच सगळं हाय. धरणाऱ्यानं हात हलवायचा न्हाई."

मग ते खुदखुदून हसू लागले. विमलने विचारले, काय झाले अप्पा?

"त्या सोनारानं हलवला ना. माघातल्या अमावास्येला. पहिल्यांदाच आला होता अध्यक्ष म्हणून, अंगात कोट. सोन्याचं काम करायची इवलीशी हातोडी आणली. ऐरणीवर धरली. सुगंधानं घण वर नेला अन् ह्यानं हातोडीसकट हात ओढला. असा. मागं जाऊन भिंतीला टेकला." अप्पांनी भिंतीला टेकून दाखवले. "घण निघाला होता, तो कुठं थांबतो? पडला मोकळ्या ऐरणीवर. सगळं देऊळ घुमलं. मग कोणीतरी हसलं."

"कोण हसले?"

"मीच. मी हसलो म्हणून सगळे हसले. पोरीबाळी हसल्या. तो तसाच गाडीत बसून गेला. दोन महिन्यांत फरशीचं काढलं." अप्पांनी डोळे पुसले. "माझं हसणं लई महागात पडलं त्या बाईला."

सुज्ञ वाचकांच्या लक्षात आले असेल की वरच्या यादीत माघ अमावास्या नाही. ती यादी मी लातूरला केली होती. इथे दुरुस्ती करतो : माघ अमावास्या, अध्यक्षांनी हात ओढला. पुढच्या सर्व तारखा या एका तारखेपासून निघतात. ज्या रिकाम्या घावाचा ठपका वहिनींवर ठेवण्यात आला, तो यांच्या हाताने घडला; आणि तोच प्रमाद पोळ्याला यांनी हौसेने, छायाचित्रासह, पुन्हा केला.

मी अप्पांना पाटीवरचा राजघराण्याचा मजकूर मोठ्याने सांगितला. त्यांनी समोरच्या वरवंट्यावरून हात फिरवला. "आपण राजे होतो म्हण. मग एवढे दगड कोणी फोडले?"

निघताना त्यांनी सहज विचारले, "ऐरण कापली का राहिली? नायगावच्या हबीबकडं दिली म्हणत होते, वेल्डिंगवाल्या. भंगारात घालायला."

ही बातमी मला नवी होती. विमलने निवडून ठेवलेला खल तिथेच राहिला.

नायगाव

हबीबभाईंचे दुकान मोठ्या रस्त्याला लागून : ट्रॉलीचे सांगाडे, लोखंडी दारे, निळ्या ठिणग्या. ते गंगाधरभाऊंच्या बरोबरीचे. त्यांचे घराणे नायगावात किती पिढ्यांपासून आहे, हे त्यांनाही नीट ठाऊक नाही. आम्ही आत गेलो तेव्हा एक शेतकरी कशावर तरी बसून चहा पीत होता. बसकणीवर गोणपाट टाकलेले, वर बशी. गोणपाटाखालून एक काळे, गुळगुळीत टोक बाहेर आले होते.

"उठा," मी त्या माणसाला म्हणालो. "देवीची ऐरण आहे ही."

तो बिचारा कपासकट उठला. हबीबभाईंनी चेहऱ्यावरची काच वर केली. "साहेब, ओरडू नका. मालूम हाय मला. म्हणून तर कापली न्हाई."

"कापली नाही, पण तिच्यावर माणसे बसवता?"

"दुकानात जागा किती हाय बघा. येणाऱ्या प्रत्येकाला काय सांगू, देवी हाय, उभे राहा? हाकलून देतील मला गिऱ्हाइकं." मग ते मऊ झाले. "गंगाधरच्या बापानं आमच्या अब्बाला पहिला घण घडवून दिला. ह्याच ऐरणीवर त्याला ठोका दिला, देवळात नेऊन. अब्बा बाहेर पायरीवर उभे होते, त्यांना आत बोलावलं. घण त्यांच्याच हातानं धरायला लावला. आता तीच मी कापू? अन् खरं सांगू का, एवढी जाड हाय, गॅस लई जाईल."

दोन्ही कारणे मला पटली. मी विचारले, ताबा घेतल्याची पावती लिहून देऊ का?

"पावती राहू द्या साहेब. उचलायला माणसं बघा."

माणसे मिळेपर्यंत त्यांच्या घरून खिचडी आणि खट्टा आला. मसुरीची पिवळी खिचडी आणि चिंचेचे आंबट, तिळाचे पातळ कालवण. विमलने दोनदा घेतले आणि कालवणात तीळ भाजून घालतात की कच्चे, हे विचारायला ती आतल्या बायकांकडे गेली. ती बाहेर येईपर्यंत ऐरण टेम्पोत चढली होती. हबीबभाईंनी बाभळीचा एक नवा ठोकळाही टाकला, कारण जुना उखडताना फुटला होता. टेम्पो त्यांनी स्वतः चालवला.

गाव

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी आम्ही गावात पोचलो. माझ्या मनात होते की वहिनी ऐरण पाहून हरखतील. त्या दारात आल्या, टेम्पोत डोकावल्या आणि म्हणाल्या, "कोणाला इचारून आणली?"

मी हबीबभाईंकडे पाहिले.

"भावजी, तुम्ही दोन दिवस राहताल, लातूरला जाताल. मला हितंच राहायचंय. आधीच कोणी इळा घेऊन येईना. आता ही दारात बघितली की म्हणतील, बाईनं देवीचं लोखंड घरात आणलं."

मी त्यांना धर्मादाय आयुक्तांकडे करायच्या अर्जाचा मसुदा सांगू लागलो. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला, कारण त्या मला मान देतात. मग म्हणाल्या, "ते तुम्ही लिवा. निकाल लागंस्तोवर मी काय खाऊ?"

पितरांचे जेवण व्हायचे होते. गंगाधरभाऊंच्या नावाने पान वाढले होते. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. जेवताना विमलने माहूरची हकिगत सांगितली, अप्पा भिंतीला कसे टेकले तेही करून दाखवले. वहिनींनी माघ अमावास्येबद्दल आजवर आम्हाला एक शब्दही सांगितलेला नव्हता. मी विचारले, का नाही सांगितले?

"काय सांगू? सोनार भ्याला म्हणून? मोठा माणूस हाय. मला वाटलं, येईल पुढच्या बारीला, धरील नीट." त्यांनी माझ्या पानात आणखी एक वडा वाढला. "भ्यायला काय झालं? सगळेच भेतात. तुमचे भाऊ पण डोळे मिटून घ्यायचे लग्नाच्या नव्या नव्या दिवसांत. भ्याला त्याचं काही न्हाई. माझा हात वंगाळ हाय असं म्हणला, त्याचं वाटतंय."

संध्याकाळी त्या स्वतःच उठल्या. पदर खोचला आणि घण खांद्यावर घेतला. देवळाला कुलूप होते. 'काम चालू असल्याने बंद', असा कागद लावलेला. आत कोणतेही काम चालू नव्हते. हबीबभाईंनी आणि दोघा-तिघांनी ऐरण देवळाच्या पायरीसमोर, रस्त्यावरच ठोकळ्यावर बसवली. वहिनींनी तिला हळद-कुंकू लावले. माणसे जमली, पण अंतर ठेवून. विठ्ठल सुतार वाकस घेऊन आला होता, पण तो ऐरणीजवळ येईना.

"ये की विठ्ठल," वहिनी म्हणाल्या.

"येतो काकू," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

मी पुढे झालो आणि त्याच्या हातातून वाकस घेतली. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "भावजी, कागद न्हाई हा. हलायचं न्हाई."

वाकस ऐरणीवर टेकवून मी दांडा दोन्ही हातांनी धरला. घण वर गेला. तो वर जाताना दिसतो, खाली येताना दिसत नाही. मी डोळे मिटले, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. हात ओढला नाही, हेही नमूद करतो. पात्यावर एक लहानसा, स्वच्छ आवाज झाला आणि तो दांड्यातून माझ्या कोपरापर्यंत आला. डोळे उघडले तेव्हा वहिनी घण खाली ठेवून, "आता सोडा, त्याची वाकस त्याला द्या," म्हणत होत्या.

"रंग उडाला होता तुमच्या तोंडाचा," विमल नंतर म्हणाली.

विठ्ठलने वाकस घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा ऐरणीवर ठेवली आणि म्हणाला, "काकू, माझ्या हातानं पण एकदा." मग तांबट आळीतला एक म्हातारा आला. मग ज्यांचा पाचांशी काही संबंध नाही अशी माणसेही आली : बौद्ध वस्तीतल्या दोन बाया खुरपी घेऊन, एक गवंडी थापी घेऊन. वहिनींनी कोणाला परत पाठवले नाही. अंधार पडायच्या आत एकाने उद्या कुऱ्हाड शेवटायला आणतो म्हणून सांगितले. त्या म्हणाल्या, "सकाळी लवकर आण, ऊन झाल्यावर भट्टीपाशी बसवंना."

दुसऱ्या दिवशी समितीचा निरोप आला : ऐरण सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण आहे. ती आता वहिनींच्या अंगणात आहे. अतिक्रमणाचे कलम मला तोंडपाठ आहे, आणि देवळाला खोटे कारण देऊन कुलूप घालण्याविषयी कायदा काय म्हणतो, तेही.

लातूरला परतून हे लिहीत आहे. अध्यक्षमहाशय, हे आपल्यासाठी आहे.

ठरावात आपण गंजाचे कारण दिले. दुकानात विधवेचे दिले. गावात अपशकुनाचे पसरवले. चौथे कारण आपण कोणालाच दिले नाही. या चारांपैकी खरे कोणते, ते सांगा. ज्या आडनावाखाली आपण सराफ म्हणून मिरवता, त्यातून लोहार वजा केला तर जे उरते त्याला कोणत्या अधिकाराने पांचाळ म्हणायचे, तेही सांगा.

येत्या आश्विन अमावास्येला सांगा. लक्ष्मीपूजनाची आपल्या दुकानातली गर्दी मला ठाऊक आहे. पांचाळ अमावास्येला काम करत नाही, हे आपल्या पाटीवर लिहायचे राहून गेलेले दिसते. उत्तर लेखी नको. लेखी उत्तरे मी आयुष्यभर फायलींना लावली आहेत. देवळाचे कुलूप आपल्या हाताने काढा, पायरीवर उभे राहा, आणि माघातल्या अमावास्येला हात कोणी ओढला, ते साऱ्या गावाच्या देखत बोला. माझ्याकडे पाहून नव्हे. सुगंधावहिनींकडे पाहून.